तीन फेऱ्यांची गाठ

मुसाजी पालीकर आमच्या गावात आला तेव्हा सगळ्यांना आनंद झाला, म्हणूनच मला संशय आला.

गावाचं नाव सांगत नाही. रेवदंड्याच्या खाडीकाठी आहे एवढं पुरे. सांगून कुणाचं भलं होणार आहे? मिठाच्या सत्याग्रहाची धामधूम झाली, त्याच्या पुढच्या वर्षाची ही गोष्ट. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे यहुदी. गावाला आम्ही शनवार तेली, कारण आमचे तेलाचे घाणे शनिवारी बंद. प्रार्थनेच्या जागेला आम्ही मशीदच म्हणतो, आणि तिच्या चाव्या तेवीस वर्षं माझ्या कनवटीला होत्या. झाडलोट, दिवाबत्ती, शब्बाथला मनुकांचं शरबत पितात तो चांदीचा पेला, सगळं माझ्याकडे. आणि मुख्य म्हणजे हेखाल, भिंतीतलं ते कपाट, ज्यात सेफेर असतो. सेफेर म्हणजे मोशेची पाच पुस्तकं, चामड्यावर हाताने लिहिलेली, दोन दांड्यांवर गुंडाळलेली.

कुलूप लावलं की मी ते तीनदा ओढून पाहतो. गाठ मारली की तीन फेरे देतो, डावरा असल्यामुळे उलट्या अंगाने, आणि तीही तीनदा ओढतो. माझी बायको सोनाबाई म्हणते, "येलोजी मेला ना, तरी आतून कबरीवरचा धोंडा तीनदा ढकलून बघंल." म्हणू दे. तेवीस वर्षांत मशिदीतली एक वात चोरीला गेली नाही.

सेफेर उघडून वाचायचा तर दहा पुरुष लागतात. एक कमी पडला तरी चालत नाही. आमच्यात अकरा होते. एक मुंबईला गिरणीत गेला, एक देवाघरी गेला, आम्ही नऊ राहिलो. दोन वर्षं मी दर शुक्रवारी हेखालचं कुलूप पुसत होतो आणि आत सेफेर तसाच उभा. कधी कधी कुलपावर हात ठेवून रडू यायचं, ते मी कुणाला दिसू दिलं नाही.

अशात हा मुसाजी आला. वय असेल अठ्ठावीस. हजान सामाजी आमच्यात प्रार्थना चालवतात, त्यांचा घाणाही मोठा. तिथे तो कामाला लागला. म्हणाला, पालीच्या आतल्या अंगाला एका खेड्यात आमच्या जातीचं एकच घर, आई आणि मी. एकच घर! म्हणजे विचारायला जायचं तर कुणाला? आमच्या जमातीचे मुकादम दाऊदजी बोटं मोजू लागले, दहावं बोट मुडपलं आणि त्यांनी त्या पोराला छातीशी धरलं. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात ते काय खोटं आहे?

मी आडवा आलो. म्हटलं, "दहावा खोटा निघाला तर वाचन खोटं, आमीन खोटं, आपन नऊ जनबी खोटे. चौकशी व्हऊ द्या."

मुकादमांनी डोकं खाजवलं आणि ठरवलं, दारफळणीच्या सणापर्यंत थांबायचं. दारफळणी हा आमचा वर्षाचा मोठा उपास. दिवसभर दारं लावून आम्ही आत देवाची माफी मागतो. तोवर मुसाजीबद्दल खात्री झाली तर त्याला दहावा धरून सेफेर उघडायचा, नाही तर नाही.

खात्री करायचं काम माझ्यासारखं कोण करणार?

पहिली परीक्षा माशांची. आम्ही खवल्याचा मासा खातो, बिनखवल्याचा खात नाही. मुशी, शिंगाळा आमच्या चुलीवर चढत नाही. बायजा कोळणीला मी सांगून ठेवलं आणि मुसाजीला बाजाराला पाठवलं. तिने टोपली पुढे केली, सगळा मिसळीचा माल. त्याने बोईट, पाला हे खवल्याचे मासे उचलले, मुशी बोटाने बाजूला सारली. बायजा मला हसत म्हणाली, "दादा, तुमचाच हाय हा. तुमच्यासारकाच टोपलीत नाक घालतो."

मी म्हटलं, पाठ करून आला आहे.

दुसरी परीक्षा प्रार्थनेची. 'शेमा इस्राएल' त्याने एका दमात म्हटलं, हजानांची सुद्धा जिथे जीभ अडखळते तिथे याची अडखळली नाही. माझा संशय दुप्पट झाला. खरा माणूस कुठे तरी चुकतो. हा चुकतच नव्हता.

मग मला ते पुस्तक सापडलं. घाण्याच्या खोलीत त्याची पत्र्याची पेटी उघडीच असायची, आणि उघडी पेटी दिसली की मी आत बघतो. आत छापील मराठी पुस्तक, पाद्री वाटतात तसलं. पण अर्ध्याहून जास्त फाडलेलं. मोशेची पाच पुस्तकं तेवढी शिल्लक, पुढे नुसता दोरा लोंबत होता.

पुस्तक हातात घेऊन मी त्याला विचारलं, "ह्ये पाद्र्याचं हाय ना?"

"व्हय काका. आमच्या गावात एक पाद्री यायचा, त्यानं बाबांना दिलं."

"आनि बाकीचं?"

"बाबांनी पाच पुस्तकं फाडून ठेवली आनि उरलेलं पाद्र्याला परत दिलं. म्हनाले, ह्ये आमचं हाय ते आमी ठेवतो, ते तुमचं हाय ते तुमी न्या." मुसाजी हसला. "पाद्री लई नाराज झाला. पन बाबांनी त्याला शेरभर तेल दिलं."

गोष्ट चांगली होती. चांगल्या गोष्टीवर तर मी मुळीच विश्वास ठेवत नाही. बाप मेलेला, पाद्री निघून गेलेला, साक्षीदार म्हणून उरला तो दोरा.

ती पाच पुस्तकं, त्यातही पहिलं, त्याला तोंडपाठ होती. त्याचे बाबा बैलामागे फिरता फिरता सांगायचे. तिळाचा एक घाणा उतरेपर्यंत नोहाचं तारू डोंगराला लागायचं. शनिवारी दुपारी मशिदीच्या अंगणात उंडीच्या झाडाखाली मुसाजी तेच सांगायला बसायचा. बायका यायच्या, माझी सोनाबाई यायची, आणि माझी मुलगी रिबका यायची, एकोणीस वर्षांची. गोष्ट संपली तरी ती उठायची नाही.

पहिल्या पुस्तकाबद्दल माझं मत वेगळं आहे. माझ्या मते ते सगळं पुस्तक म्हणजे ज्यांनी संशय घेतला नाही त्यांची हकीगत. हव्वेने सापाचा संशय घेतला नाही, बागेतून गेली. याकोबाने बुरखा उचलून पाहिला नाही, थोरली बहीण गळ्यात पडली. पुढे त्याच याकोबाला पोरांनी रक्ताचा झगा दाखवला, त्याने रक्त कसलं आहे हे विचारलं नाही, बसला वीस वर्षं रडत. आंधळ्या इसहाकाला तर संशय आला होता. आवाज एकाचा आणि हात दुसऱ्याचे, असं तो स्वतः म्हणाला. आणि तरी आशीर्वाद देऊन मोकळा! त्याचं वाचलं की मला अजून चीड येते.

हजानांनी रिबकासाठी मुसाजीचं नाव काढलं तेव्हा मी ताटावरून उठलो. सोनाबाई म्हणाली, "पोरगा चांगला हाय."

"चांगला हाय ह्येच तर."

"मंग वाईट आनू का शोधून?"

ठरलं असं, की मुसाजीने पालीला जाऊन आईला घेऊन यायचं. आई आली की बोलणी, आणि दारफळणीला सेफेर. सगळे एवढे खूश की मला बोलायला तोंड नव्हतं. ती बाई येणार, ती पण पाठ करून येणार, आणि माझी मुलगी आणि माझा सेफेर दोन्ही एका दिवशी जाणार.

जायच्या आदल्या दिवशी शनिवार होता. मुसाजीने योसेफाची गोष्ट लावली होती. योसेफ मिसर देशाचा कारभारी झाला आहे, भाऊ धान्य न्यायला आले आहेत, त्याला ओळखत नाहीत. तो धाकट्या बन्यामीनाच्या गोणीत गुपचूप आपला चांदीचा पेला ठेवतो आणि मागून माणसं पाठवून चोर म्हणून धरवतो. बायका पदराने डोळे पुसत होत्या. मी मात्र ताठ बसलो. पुढचं ऐकलंच नाही. पुढचं मला ठाऊक होतं. माझ्या डोक्यात तो पेला शिरला होता.

रविवारी सकाळी आमच्या ओटीवर मुसाजीची गोणी भरून ठेवली होती. सोनाबाईने त्याच्या आईसाठी पोहे दिले होते, मालिद्याचा नवस फेडायला; आमच्यात मालिदा म्हणजे गोड पोह्यांचा प्रसाद. त्याने गोणीच्या तोंडाला एकच फेऱ्याची गाठ मारली होती, कुणीही बोटाने सोडावी अशी. मागे एकदा मी त्याला त्यावरून बोललो होतो, तर म्हणाला होता, "कोन सोडनार हाय काका? सगळी आपलीच तर मानसं."

घरात कुणी नव्हतं. मी मशिदीत गेलो, पेला धोतराच्या सोग्यात घेऊन आलो, पोह्यांत कोपरापर्यंत हात घालून तळाशी ठेवला आणि गोणी बांधली. मनाला वाटलं, योसेफाने केलं ते पाप कसं असेल? गाठ तीनदा ओढून पाहिली.

भिकू कोळ्याचं होडकं भरतीबरोबर खाडीतून वर रोह्याला जाणार होतं, तिथून गाडीने पाली. मुसाजी गोणी खांद्यावर टाकून निघाला तसा मी मुकादमांच्या दारात जाऊन ओरडलो, "पेला न्हाय! मशिदीतला पेला न्हाय!" तेवीस वर्षांत मी पहिल्यांदा पळालो होतो. त्यामुळे लोकांना लगेच खरं वाटलं.

धक्क्यावर मुकादम, हजान, आणखी चारपाच जण जमले. रिबका भाकरीचं फडकं घेऊन आधीच तिथे उभी होती. मी तिच्याकडे बघायचं टाळलं.

मुकादम म्हणाले, "मुसाजी, राग मानू नकोस. आज गावाभायेर जानाऱ्या सगळ्यांचीच बोचकी बघतो."

"बघा की," म्हणत त्याने गोणी पुढे ओढली आणि गाठीला हात घातला.

हात तिथेच थांबला. त्याने गाठीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ. मग खाडीच्या पाण्याकडे पाहत राहिला. मी मनात म्हटलं, बघा, चोराचा चेहरा कसा पडतो ते! आणि दुसऱ्याच क्षणी आठवलं, की चोर तर तो नाही. संशयाची सवय इतकी होती की माझ्या डोक्यातून हे निघूनच गेलं होतं.

मुकादमांनी गाठ सोडवली. नखं लागली, वेळ लागला. भिकूच्या शिडावर पोहे ओतले, आणि पेला घरंगळत माझ्याच पायाशी आला.

"मुसाजी, बोल कायतरी," हजान म्हणाले. त्यांचा आवाज रडवेला झाला होता.

"मी काय बोलू?" एवढंच तो म्हणाला.

भिकू होडक्यातून ओरडला, "मुकादम, भरती हाय तवर निघू द्या!" कुणी तिकडे लक्ष दिलं नाही. मला वाटलं होतं, आता दोन शिव्या पडतील, तो होडक्यात बसेल, आणि संपलं. तेवढ्यात रिबका पुढे आली.

"पेला मी टाकला," ती म्हणाली. "घासायला घेतला व्हता. पोहे भरताना गोनीत पडला आसंल."

ती खोटं बोलत होती. हे जगात फक्त मला ठाऊक होतं, असं मला तेव्हा वाटलं.

मुकादमांनी तिच्याकडे निरखून पाहिलं. मशिदीची चावी माझ्या कनवटीला, आणि पेला घासायला हिने कसा घेतला, हे न कळण्याइतके ते भोळे नव्हते. गावात बोलायला लोकांना किती लागतं? तेल्याच्या पोरीने देवाचा पेला त्या परक्याला दिला, एवढं पुरे होतं. ते म्हणाले, "पोरी, सेफेरपुढं सांगशील ह्ये?"

"सांगीन."

आमच्यात सेफेरपुढे हात करून खोटं बोललेला माणूस नाही. मोठे मोठे भांडखोर हेखालच्या पायरीपर्यंत येतात आणि तिथून माघारी फिरून तडजोड करतात. वाचायला दहा माणसं लागतात, पण शपथेला सेफेरपुढचं दार उघडलं तरी पुरतं, आणि दार उघडायचं कोणी? मी.

भर दुपारी आम्ही मशिदीत गेलो. मुसाजी मागे, मान खाली. रिबका पदर डोक्यावर घेऊन हेखालसमोर उभी राहिली. मी चावी काढली. ती कुलपात जाईना. तेवीस वर्षं डोळे मिटून लावलेली चावी! शेवटी गेली, पण फिरवायला हात वळेना. मागे माझी मुलगी उभी होती, उजवा हात उचलून, एकोणीस वर्षांची, आणि मी दार उघडलं की ती देवासमोर खोटं बोलणार होती. मीच तिला तिथे आणलं होतं.

मी चावी तशीच सोडली आणि वळलो. म्हणालो, "पेला मी ठेवला."

मी पुन्हा म्हणालो, "हिनं न्हाय, त्यानं न्हाय. मी ठेवला. तो जावा म्हनून."

मुकादम मटकन बाकावर बसले. मग मुसाजीकडे वळून म्हणाले, "तुला ठाऊक व्हतं?"

"गाठ बघितली," तो म्हणाला. "तीन फेरे, उलटे. गावात तशी गाठ कोन मारतं?"

"मंग बोलला का न्हाईस, गाढवा?"

"ज्या घरात मुलगी मागायची त्या घराची अब्रू धक्क्यावर काढू?"

मी रिबकाकडे पाहिलं. तिचा हात अजून अर्धवट वर होता. मला एकदम उमगलं. गाठ तिनेही पाहिली होती. लहानपणापासून तिच्या परकराची नाडी मी त्याच गाठीने बांधत आलो.

"म्हंजे तू त्याला वाचवत नव्हतीस?" मी विचारलं.

"त्यांना काय वाचवायचं?" ती रागाने म्हणाली, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "त्यांचं नाव गेलं आसतं तर ते पालीला गेले आसते. तुमी कुठं जानार व्हता, बाबा?"

योसेफ भावांपुढे रडला तेव्हा त्याचा आवाज राजवाड्यात ऐकू गेला म्हणतात. माझा धक्क्यापर्यंत गेला. भिकू नंतर सांगत होता, त्याला वाटलं मशिदीत कुणी मेलं.

मुकादमांनी माझ्या कनवटीच्या चाव्या घेतल्या आणि म्हणाले, "येलोजी, आजपास्न तुला दहांत धरायचा न्हाय." हजानांनी मान डोलवली. ते योग्यच होतं. मग मुकादम बोटं मोजू लागले, आणि नवव्या बोटाला थांबले. मोजणीत मुसाजी आत आला आणि मी बाहेर गेलो; सेफेर होता तिथेच राहिला.

"दहावे काका," मुसाजी म्हणाला.

"देवाच्या पेल्याशी खोटं खेळलेला मानूस दहावा?"

"योसेफाला त्याच्या भावांनी खड्ड्यात टाकला, विकला, बापाला फसवलं," मुसाजी म्हणाला. "त्याच भावांच्या नावानं आपली कुळं हायत ना? पाची पुस्तकांत त्यांतला कुनी वगळलाय का? मी तरी वाचलं न्हाय."

शेवटी मुकादमांनी दहावं बोट हळूच मुडपलं. चाव्या मात्र मला परत दिल्या नाहीत. त्या मुसाजीच्या हातावर ठेवल्या.

भरती गेली होती. भिकूने दुसऱ्या दिवशी त्याला फुकट नेलं. सांडलेले पोहे सोनाबाईने कोंबड्यांना घातले आणि नवे भरले. गोणी बांधायला मला कुणी बोलावलं नाही.

दारफळणीच्या दिवशी सकाळी आम्ही दहा जण पांढरे कपडे घालून आत बसलो. जाळीमागे बायका होत्या, त्यांत मुसाजीची म्हातारी आई, माझ्या सोनाबाईला लागून. मुसाजीने मशिदीचं दार लावलं, अडसर घातला आणि सेफेर काढायला हेखालकडे गेला. दोन वर्षांनी ते चामडं उलगडलं, त्याचा वास आला, आणि मुसाजीने सेफेर दोन्ही हातांनी उचलून धरला. त्याचे हात तेलाने काळे पडलेले, माझ्यासारखेच.

मी दाराजवळ बसलो होतो. सगळ्यांचं लक्ष सेफेरकडे होतं. उठून मी अडसर ओढून पाहिला का? खरं सांगतो, पाहिला.

पण एकदाच.